फोल्डर उघडेना, ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतोय: घरच्या कंप्युटरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा धंदा हिशेबाचा, कंप्युटरचा नाही. पण एकदा मावसभावाच्या जुन्या डिस्कमधले फोटो उघडून दिले आणि तेव्हापासून इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत नात्यात कुणाचा फोल्डर अडला की फोन माझ्याकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि मग ऊतच आला. कुणी नवं मशीन घेतलं, कुणी जुन्यावरच विंडोज ११ चढवलं, आणि जुनी डिस्क जोडली की आपलेच फोल्डर आपल्याला ओळख दाखवेनात. फोनवर तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून लिहून ठेवलं आहे. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. बटणांची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती उच्चारल्यासारखी लिहिली आहेत.

परमिशन म्हणजे नक्की काय? घरच्या कंप्युटरला हे सोंग कशाला?

विंडोज ९५-९८ च्या काळात घरच्या कंप्युटरवर हे नव्हतंच. जो खुर्चीत बसेल तो राजा. ऑफिसांसाठी १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं, त्याच्यासोबत एनटीएफएस ही डिस्कवर फायली मांडायची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक फाइल आणि फोल्डरला एक यादी चिकटलेली असते: कोणी बघायचं, कोणी बदलायचं, कोणी पुसायचं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर तीच पद्धत घरोघरी शिरली.

यादीशिवाय प्रत्येक फोल्डरला एक मालकही असतो, म्हणजे ओनर. हे दोन वेगळे आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. मालकाचं नाव यादीत नसलं तर मालकालाही आत जाता येत नाही. पण यादी बदलायचा हक्क त्याचा कायम असतो. दार उघडत नसलं तरी कुलूप बदलायचा अधिकार हातात आहे, असं समजा. खाली सांगितलेले बहुतेक उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

हा परमिशनचाच घोळ आहे हे कसं ओळखायचं?

आधी पाटी नीट वाचा. ‘एरर आला’ एवढंच सांगू नका, फोटो काढून पाठवा. ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ‘यू नीड परमिशन’ असेल तर परमिशन. ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असेल तर डिस्क किंवा तिच्यावरची मांडणी बिघडली आहे. तिथे परमिशन बदलत बसलात तर नुकसान वाढेल. ‘फाइल इज ओपन इन अनदर प्रोग्रॅम’ असेल तर कुणीतरी ती फाइल धरून बसलंय, त्याचं पुढे सांगतो.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे सिक्युरिटी नावाचा टॅबच नसेल तर ती डिस्क बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये आहे. याही फायली मांडायच्याच पद्धती, पण या दोन्हींत परमिशनची यादी नसतेच, तेव्हा दोष दुसरीकडे शोधा.

मीच ॲडमिन आहे. कंप्युटर माझ्या पैशाचा. मग मलाच का अडवतो?

आमच्या काकांचा हा प्रश्न असतो, आणि तो ते रागावूनच विचारतात. काका, तुम्ही ॲडमिन आहात, पण दिवसभर तुम्ही साध्या माणसाच्या कपड्यांत वावरता. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. ॲडमिननं लॉगिन केलं तरी त्याचे प्रोग्रॅम साध्या अधिकारांनीच चालतात. पडदा काळवंडून ‘यस-नो’ विचारतो तेव्हा ‘यस’ म्हटल्यावर त्या एका कामापुरता अधिकार अंगावर चढतो. पाठीमागून शिरलेल्या व्हायरसला तुमच्या नावावर सगळं घर मोकळं मिळू नये, म्हणून ही सोय. ती खिडकी वैताग देते म्हणून बंद करून टाकणारे मी पाहिलेत. करू नका.

जुन्या कंप्युटरची डिस्क नव्याला लावली. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी फोटोंचा फोल्डर उघडत नाही. का?

दहातले सहा-सात फोन याचेच असतात, म्हणून सविस्तर सांगतो.

विंडोज तुम्हाला नावानं ओळखत नाही. खातं तयार होताना ते तुम्हाला एक लांबलचक क्रमांक देतं. तो ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो आणि पुढे आकड्यांची माळ असते. फोल्डरच्या यादीत हा क्रमांक लिहिलेला असतो. नाव फक्त आपल्याला वाचता यावं म्हणून दाखवलं जातं. विंडोज नव्यानं टाकलं की क्रमांक नवा. नाव अक्षर न् अक्षर तेच ठेवा, फोटोही तोच लावा, कंप्युटरच्या लेखी तुम्ही परके. जुन्या डिस्कवर सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो क्रमांक दिसला तर ते पूर्वीचे तुम्हीच आहात.

माझ्या मावसभावाकडे हेच झालं होतं. त्याच्या वडिलांनी काढलेले राजवाड्याचे फोटो होते, १९८४ च्या आगीच्या आधीचे, एकेक करून स्कॅन केलेले. नव्या मशीनवर फोल्डर दिसतोय, आकार मात्र शून्य. दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, ‘भिया, डेटा गया, फॉर्मॅट मारना पडेगा.’ डेटा कुठेही गेला नव्हता. आत डोकवायचा हक्क नसला की विंडोज आतलं मोजूही शकत नाही, म्हणून शून्य दाखवतं. शून्य बघून घाबरू नका आणि कुणाला फॉर्मॅट तर करूच देऊ नका.

करायचं ते असं. ॲडमिन खात्यानं लॉगिन करा. जुन्या डिस्कवरच्या फक्त त्या एका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’ लिहिलेलं दिसेल, त्याच्यासमोर ‘चेंज’ दाबा. चौकटीत आपलं नाव लिहून ‘चेक नेम्स’ दाबा. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल लिहिला तरी चालतो. नाव अधोरेखित झालं की ओके. आता ओनरच्या खाली ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ अशी चौकट येईल, तिला टिक करा, नाहीतर मालकी फक्त बाहेरच्या फोल्डरची मिळेल आणि आतले दरवाजे बंदच राहतील. अप्लाय. हजारो फोटो असतील तर वेळ लागतो. चहा घेऊन या, खिडकी बंद करू नका.

इथेच बरेच जण थांबतात आणि मला म्हणतात, ‘केलं तरी उघडत नाही.’ अहो, मालकी मिळाली, यादीत नाव कुठे घातलंत? सगळ्या खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘ॲड’, मग ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, आपलं नाव, ‘फुल कंट्रोल’, ओके. खाली ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ने सुरू होणाऱ्या ओळीला टिक करा. अप्लाय.

फोल्डर उघडला की पहिलं काम म्हणजे फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणं. डिस्क जुनी आहे. आज फिरतेय, उद्याचं कुणी सांगावं.

हेच काम कमांड प्रॉम्प्टमधून ‘टेकओन’ आणि ‘आयकॅकल्स’ या दोन आज्ञांनी भराभर होतं. पण तिथे फोल्डरचं नाव चुकलं तर चूकही तितक्याच वेगानं पसरते. पहिल्यांदा करणाऱ्यानं माउसनंच करावं.

फोल्डर पुसायला गेले तर म्हणतो, अमक्याची परवानगी घ्या. अमकी म्हणजे मीच!

आत्यानं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. स्वतःकडूनच परवानगी आणायची कशी? त्या पाटीवर फोल्डरच्या मालकाचं नाव छापलेलं असतं, एवढंच. वर म्हटलं तसं, मालक असणं म्हणजे पुसायचा हक्क असणं नव्हे. पुसण्यासाठी त्या फाइलवर ‘डिलीट’चा हक्क हवा, किंवा ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर आतलं पुसण्याचा हक्क हवा. दोन्ही नसतील तर यादीत आपलं नाव घाला, आधीच्या उत्तराच्या दुसऱ्या भागासारखं. मात्र त्याआधी एकदा रीस्टार्ट करून बघा. पुष्कळदा एखादा प्रोग्रॅम आतली फाइल धरून बसलेला असतो आणि रीस्टार्टनंतर आत्याची परवानगी आपोआप मिळते.

‘कंटिन्यू’ बटण येतं ते दाबू का?

आपल्याच जुन्या फोल्डरवर असेल तर खुशाल दाबा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ते एक वेळचं दार उघडणं नाही. विंडोज तुमचं नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहून टाकतं. दुसऱ्या कुणाच्या खात्याच्या फोल्डरवर सहज गंमत म्हणून दाबलंत तर तिथे तुमचं नाव राहिलंच.

सगळा त्रास एकदाच मिटवायला ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन टाकलं तर?

नको. पूर्ण सी ड्राइव्हला तर कदापि नको.

हे अनुभवानं सांगतो. माझ्याच बहिणीच्या लॅपटॉपवर मी हा पराक्रम केला आहे. एक फोल्डर अडत होता, कंटाळा आला, म्हणून सी ड्राइव्हच्या मुळावरच मालकी बदलली आणि सगळीकडे पसरवून दिली. अर्धा तास आकडे धावले आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी स्टार्ट मेनू उघडेना, अपडेट होईना, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेले ॲप सुरू होईनात. झालं काय होतं, की विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फायलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाची सेवा असते. ॲडमिननंही त्यांना हात लावू नये अशीच ती रचना आहे. ती मी मोडली. इतक्या हजारो याद्या हातानं पूर्ववत होत नाहीत. शेवटी डेटा काढून विंडोज नव्यानं टाकलं. राखीपौर्णिमेला बहिणीनं ओवाळताना त्याची आठवण करून दिली.

तेव्हा ज्या फोल्डरचा प्रश्न त्याच फोल्डरला हात लावायचा, आणि बदल करण्याआधी सिक्युरिटीच्या खिडकीचा फोनवर फोटो काढून ठेवायचा. आधी काय होतं ते कळलं तर परत फिरता येतं.

मुलांनी उघडू नये म्हणून ‘डिनाय’ला टिक केली, आता मलाच उघडत नाही.

‘युजर्स’ किंवा ‘एव्हरीवन’ या गटाला डिनाय केलंत ना? तुम्हीही त्याच गटात आहात. एकाच पातळीवर परवानगी आणि मनाई दोन्ही असतील तर मनाई जिंकते. यादी बदलायचा हक्क तुमचा शाबूत आहे, तेव्हा सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ती डिनायची ओळ निवडा आणि ‘रिमूव्ह’. घरात डिनाय वापरायची गरज जवळजवळ पडत नाही. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीतून काढलं की काम झालं.

मग खासगी फोल्डर ठेवायचा कसा?

खरं सांगायचं तर आपल्याकडे अजून सगळं घर एकाच खात्यावर बसतं. आजोबा भजनं ऐकतात, नातू गेम खेळतो, सून ऑफिसचं काम करते, सगळं एका पासवर्डनं, आणि तो मॉनिटरच्या खाली चिठ्ठीवर. तिथे परमिशनला काय अर्थ? प्रत्येकाला वेगळं खातं करून द्या. ॲडमिन एकच, बाकी ‘स्टँडर्ड’. सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरात प्रत्येकाची खोली असते आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही.

डी ड्राइव्हचं मात्र तसं नाही. एनटीएफएसमध्ये नवं पार्टिशन फॉर्मॅट केलं की लॉगिन करणाऱ्या कुठल्याही खात्याला तिथे वाचायची, बदलायची, पुसायचीही मुभा असते. म्हणजे ती वाड्याची ओसरी. ‘सी भरतो म्हणून’ आपण महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवतो आणि वर वाटतं की खातं वेगळं आहे म्हणजे सुरक्षित आहे.

शिवाय ॲडमिन कुठेही शिरू शकतो, आणि डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला लावणाराही. वर मीच कृती दिली आहे. बँकेची कागदपत्रं, मृत्युपत्राचा कच्चा खर्डा असल्या गोष्टी खरोखर झाकायच्या असतील तर परमिशन पुरत नाही, एनक्रिप्शन लागतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी फाइल करून ठेवणं.

मालकी घेतली, फुल कंट्रोल घेतला, तरी फाइल उघडत नाही. नावावर कुलपाचं चित्र आहे.

मग ते एनक्रिप्शन आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘एनक्रिप्ट कंटेंट्स’ अशी टिक असते. तिची किल्ली त्या जुन्या खात्याच्या प्रमाणपत्रात राहते. प्रमाणपत्राची प्रत काढून ठेवली असेल तर उघडेल. नसेल आणि जुनं विंडोज पुसलं असेल तर ती फाइल गेली असं धरा. दुकानदारानं ‘करून देतो’ म्हणून पैसे मागितले तरी देऊ नका.

संपूर्ण ड्राइव्हवरच कुलूप दिसत असेल तर ते बिटलॉकर. ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन जमा झालेली असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर हे कुलूप न विचारता लागतं. तेव्हा आजच की शोधून कागदावर उतरवा आणि रेशनकार्डासोबत ठेवा.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’पुढचा काळा चौकोन जात नाही.

जाणारही नाही. तो सगळ्यांच्याच फोल्डरांवर असतो आणि परमिशनशी त्याचा संबंध नाही. सोडून द्या.

सी ड्राइव्हमधलं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही. माझी जुनी कागदपत्रं त्यात असतील का?

नाही. तो फोल्डर नाहीच, नुसता दिशादर्शक फलक आहे. एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम त्या पत्त्यावर जायचे, त्यांना ‘युजर्स’कडे वळवण्यासाठी व्हिस्टापासून तो ठेवला आहे, आणि त्याच्यावर मुद्दाम मनाई लावलेली आहे. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ आणि ‘विंडोजॲप्स’ हे मात्र खरे फोल्डर आहेत, पण विंडोजच्या कामाचे, म्हणून तेही आपल्याला उघडत नाहीत. त्यांच्यात आपलं काही नसतं. लपलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दाखवायचे पर्याय चालू केले की हे सगळे दिसायला लागतात आणि लोकांचा जीव कासावीस होतो.

एकाच फोल्डरात सगळ्या फायली उघडतात, दोनच उघडत नाहीत. असं कसं?

त्या दोन ‘कट-पेस्ट’ करून आणल्या असतील. एनटीएफएसचा नियम असा: फाइल कॉपी केली की ती नव्या फोल्डरची परमिशन घेते. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवली तर ती आपली जुनी यादी बरोबर घेऊन येते. मुलगी सासरी गेली तरी माहेरचं नाव लावते, तसं काहीसं. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवली तर मात्र ती मुळात कॉपीच असते, म्हणून तिथे हा प्रकार होत नाही.

उपाय सोपा आहे. त्या फाइलच्या ॲडव्हान्स्डमध्ये ‘एनेबल इनहेरिटन्स’ दाबा, म्हणजे ती बाहेरच्या फोल्डरचे नियम पाळायला लागेल. आणि पुढच्या वेळी दोन खात्यांमध्ये फायलींची देवाणघेवाण करताना आधी कॉपी करा, मग जुनी पुसा.

डेस्कटॉपवर फाइल सेव्ह करताना ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो. नवीच फाइल आहे, सापडेल कशी?

विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर चोर सापडला. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देणारा हा पहारेकरी २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आला. मुळात तो बंद असतो. घरातल्या कुणीतरी व्हिडिओ बघून चालू केलेला असतो. प्रोग्रॅमला मात्र ‘आत येऊ नको’ असं स्पष्ट ऐकू येत नाही, म्हणून तो असंबद्ध काहीतरी बरळतो. पहारेकरी काढू नका. ‘अलाउ ॲन ॲप’मध्ये तुमच्या ओळखीच्या प्रोग्रॅमचं नाव घाला.

सोसायटीचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या खात्यातून दिसतो, मुलाच्या खात्यातून कोरा दिसतो.

हा माझ्या धंद्यातला प्रश्न, आणि माझा आवडता. जुने प्रोग्रॅम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहितात. व्हिस्टापासून साध्या अधिकारांना तिथे लिहिता येत नाही. पण जुना प्रोग्रॅम मोडून पडू नये म्हणून विंडोज त्याला चकवतं. ‘लिहिलं’ असं सांगतं आणि प्रत्यक्षात डेटा तुमच्या खात्यातल्या ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात ठेवतं. प्रत्येक खात्याचं व्हर्च्युअलस्टोअर वेगळं. मुलाच्या खात्यातून उघडलं की त्याची वही कोरी.

यात मोठा धोका बॅकअपचा. लोक इमानदारीनं दर महिन्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि त्यात आकडेच नसतात. मार्चअखेरीला मशीन बसलं की मग कळतं. व्हर्च्युअलस्टोअरमधला डेटा शोधा आणि त्याची प्रत काढा. मग सी ड्राइव्हच्या मुळाशी एक वेगळा फोल्डर करून सॉफ्टवेअर तिथे टाका आणि त्या एका फोल्डरवर ‘युजर्स’ना ‘मॉडिफाय’ द्या. फुल कंट्रोलची गरज नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, घरी आणला तर फोल्डर गायब, सगळे शॉर्टकट झालेत.

परमिशन नाही, किडा आहे. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानंच तो तुमच्या मशीनमध्ये शिरतो. आधी अँटिव्हायरसनं पेनड्राइव्ह तपासा. मग फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फायली दाखवा, आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील, कधी नाव नसलेल्या एकाच फोल्डरात सगळं कोंबलेलं असेल. आत जाऊन आपल्या फायली उचला, कंप्युटरवर नवा फोल्डर करून त्यात कॉपी करा आणि पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा. पुढच्या वेळी दुकानात फॉर्म पीडीएफ करून ईमेलवर पाठवा.

पेनड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणतो.

कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर कडेची बारीक खिटी बघा. खिटी नसेल तर बहुतेक पेनड्राइव्हचं आयुष्य संपलंय. आतली चिप थकली की ती लिहिणं बंद करते आणि वाचू मात्र देते. वाचू देतोय तोवर कॉपी करून घ्या.

एक्स्टर्नल डिस्क कशात फॉर्मॅट करू म्हणजे ही कटकट होणार नाही?

एक्सफॅटमध्ये परमिशनच नाहीत, त्यामुळे घरातल्या कुठल्याही मशीनला, मॅकलाही, लावता येते. पण अर्धवट लिहिताना वीज गेली किंवा केबल उपटली तर एनटीएफएसला सावरायची सोय आहे, एक्सफॅटला ती तशी नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा डोळा मिचकावते ते बघता फोटोंच्या कायमच्या डिस्कला मी एनटीएफएसच करतो आणि मालकीची कटकट सोसतो. फॅट३२ विसरा, ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तर हमखास त्याहून मोठा असतो.

परमिशन ठीक आहे, तरी फोल्डर पुसताही येत नाही आणि हलवताही येत नाही.

दोन शक्यता. एक, कुणीतरी धरून ठेवलाय. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, सीपीयूच्या टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या चौकटीत फोल्डरचं नाव लिहा, धरणाऱ्याचं नाव कळेल. तो प्रोग्रॅम बंद करा.

दुसरी शक्यता मराठीत नावं देणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. फाइलचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हपासून नावाच्या शेवटापर्यंत, सर्वसाधारणपणे २६० खुणांच्या आत हवा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळी खूण म्हणून मोजली जाते. ‘श्रीकृष्ण’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, कंप्युटर नऊ मोजतो. ‘चिरंजीवाच्या मुंजीचे निवडक फोटो अंतिम नवीन’ असे फोल्डर एकात एक पाच ठेवलेत की पत्ता भरला. सगळ्यात बाहेरच्या फोल्डरचं नाव ‘क’ असं काहीतरी छोटं करा, मग आतलं सरकेल.

वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवरून खालच्या कंप्युटरचा शेअर केलेला फोल्डर उघडत नाही.

शेअरिंगची परवानगी वेगळी, सिक्युरिटीची वेगळी, आणि दोहोंतली जी कडक ती लागू होते. दोन्ही बघा. वाय-फाय ‘प्रायव्हेट’ वर आहे का बघा. पासवर्ड विचारला तर चार आकडी पिन टाकू नका. पिन फक्त त्याच मशीनपुरता चालतो, इथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो.

लिनक्स, मॅक आणि फोनचं काय?

लिनक्समध्ये विंडोजची डिस्क उघडते पण लिहू देत नाही, असं असेल तर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ कारण असतं. त्यात मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा. आणि कुणी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, द्यायला सांगितलं तर ऐकू नका. घरच्या फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं, त्यात बदलायचा हक्क फक्त मालकाला राहतो.

मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, लिहीत नाही. मॅकच्या स्वतःच्या फोल्डरात ॲप अडत असेल तर सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ बघा. फोनमध्ये अँड्रॉइड ११ पासून ‘अँड्रॉइड’मधला ‘डेटा’ फोल्डर फाइल मॅनेजरला बंद आहे. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही.

दुकानात कधी न्यायचं?

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, ती लावल्यावर मशीन गोठत असेल, किंवा ‘यू नीड टू फॉर्मॅट द डिस्क’ अशी पाटी येत असेल तर घरी खटपट करू नका. डिस्क काढून ठेवा आणि न्या. नेताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डिस्कला चिकटवा: ‘फॉर्मेट मत करना’. इंदुरात मी हिंदीतच लिहितो, तीन वेळा अधोरेखित करून.